स्वयंसेवी शिकवणी : सदिच्छेला जोड हवी सातत्याची

वस्तीतील समाजमंदिर, महापालिका शाळेचा रिकामा वर्ग किंवा बांधकामाच्या जागेवरील पत्र्याची खोली. अशा ठिकाणी संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, नोकरदार आणि निवृत्त मंडळी शहरांना आता अपरिचित राहिलेली नाहीत. ज्या मुलांच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही आणि ज्यांना शिकवणीची फी परवडत नाही, त्यांना या तास-दोन तासांचा मोठा आधार असतो. मात्र, शिकवण्याची इच्छा असणे आणि त्या शिकवण्याने मूल खरोखर पुढे जाणे, यांत अंतर आहे. ते कशाने कमी होते, याचा बराच अनुभव महाराष्ट्रात जमा झाला आहे.

जुनी परंपरा

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. शिक्षक व गावकऱ्यांनी मानधनाची अपेक्षा न ठेवता हजारो प्रौढांना अक्षरओळख करून दिली. परंतु पाठपुराव्याअभावी अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाले, हा या मोहिमेने शिकवलेला धडा होय. १९८८ मध्ये मुंबईत 'डोअर स्टेप स्कूल' आणि त्यानंतर १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'प्रथम' या संस्थांनी वस्त्यांमधील मुलांपर्यंत पोहोचण्याचे काम हाती घेतले.

आधी पातळी, मग पुस्तक

नवा स्वयंसेवक बहुधा मुलाची इयत्ता विचारतो आणि त्या इयत्तेचे पुस्तक उघडतो. चूक येथेच होते. 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. शहरी वस्त्यांतील स्वयंसेवकांनाही ही स्थिती अनोळखी नाही. ज्याला शब्द वाचता येत नाही, त्या मुलाकडून पाचवीच्या धड्याची प्रश्नोत्तरे लिहून घेतली, तर वही भरते, पण वाचन येत नाही.

पातळी तपासण्याची 'असर'ची पद्धत सोपी आहे. मुलाला क्रमाने अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचावयास दिली जाते. गणितात अंकओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी आणि भागाकार हा क्रम असतो. जेथे मूल अडते, तेथून शिकवणे सुरू करावयाचे.

'प्रथम'च्या 'बालसखी' उपक्रमात याच विचाराने काम झाले. मुंबई आणि बडोद्यात वस्तीतीलच तरुणी अल्प मानधनावर तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना लहान गटांत शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. त्या तरुणींकडे अध्यापनाची पदवी नव्हती. मुलाला जे येत नाही, नेमके तेच शिकवणे हे त्यांचे बळ होते.

मराठीतील अडखळण्याच्या जागा

मराठी वाचनात बाराखडीनंतर खरी परीक्षा जोडाक्षरांची असते. 'सूर्य', 'प्रकाश', 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' या शब्दांत एकच 'र' चार रूपांत येतो. ही रूपे वेगळी काढून शिकवावी लागतात. गणितात 'त्रेचाळीस' ऐकून मूल ३४ लिहिते, कारण मराठीत एकक आधी उच्चारला जातो. २०१९ मध्ये 'बालभारती'ने दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस तीन' अशी संख्यावाचनाची रीत दिली, तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद काहीही असो, दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हाती दिल्या, की दशक-एककाचा गोंधळ पुष्कळ कमी होतो. घरी हिंदी, भोजपुरी, कन्नड किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला आधी बोलण्याची संधी मिळाली पाहिजे. त्याच्या भाषेतील शब्द चूक म्हणून खोडू नयेत.

खंड पडल्यास नुकसान

अनेक स्वयंसेवक जूनमध्ये उत्साहाने येतात आणि दिवाळीनंतर दिसेनासे होतात. मुलांचे मात्र तेथेच थांबते. 'बालसखी'च्या अभ्यासातही, मदत थांबल्यावर वर्षभरात लाभाचा बराचसा भाग ओसरल्याचे आढळले. म्हणूनच रोज येण्याच्या घोषणेपेक्षा आठवड्यातील दोन ठरलेले दिवस वर्षभर पाळणे अधिक मोलाचे ठरते. प्रत्येक मुलाची नोंदवही ठेवावी. सोडून जाण्याची वेळ आली, तर ती पुढील व्यक्तीकडे सोपवावी आणि मुलांना तसे आधी सांगावे.

मूल येईनासे झाले, तर त्याला रागावण्याआधी घरी चौकशी करणे योग्य ठरते. धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाण्याची रांग किंवा कुटुंबाचे स्थलांतर, अशी कारणे बहुधा समोर येतात.

काही पथ्ये

वर्ग दार उघडे ठेवून, शक्यतो दोघांनी मिळून घ्यावा. पालकांच्या संमतीविना मुलांची छायाचित्रे काढू नयेत. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

सहभाग कोठे?

शाळांमध्ये मदत करू इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'विद्यांजली'चे संकेतस्थळ सुरू केले. पंधरा वर्षांवरील निरक्षरांना शिकवण्यासाठी २०२२ ते २०२७ या कालावधीचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम असून, तो स्वयंसेवकांवरच आधारलेला आहे. नाव नोंदवण्यापूर्वी आपण आठवड्यातील कोणते दोन दिवस वर्षभर देऊ शकतो, हे प्रत्येकाने स्वतःशी निश्चित करावे. मुलांना त्याच दोन दिवसांवर विसंबता आले पाहिजे.