ट्रेकला फिल्टर नेताय? मग तो काय अडवत नाही, हेही जाणून घ्या

पावसाळा सरला की सह्याद्रीतल्या गडवाटा गजबजतात. दोन दिवसांच्या ट्रेकला सगळं पाणी पाठीवर नेणं अवघड. रोजचं ३ लिटर धरलं तरी सॅकमध्ये ६ किलोंची भर पडते. मग गडावरच्या कातळात खोदलेल्या टाक्यांचा किंवा वाटेतल्या ओढ्याचा आधार घ्यावा लागतो. पाणी दिसायला नितळ असतं. पण तिथेच माकडं, गुरं येतात आणि माणसं भांडीही विसळतात.

म्हणून हल्ली अनेक जण छोटा फिल्टर सोबत ठेवतात. '९९.९९९९ टक्के बॅक्टेरियांपासून संरक्षण' असा दावा खोक्यावर असतो. पण तेवढं पुरेसं आहे का?

फिल्टर काम कसं करतो?

या फिल्टरमध्ये बारीक पोकळ नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या भिंतींना ०.१ ते ०.२ मायक्रॉनची छिद्रं असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ई-कोलायसारखे बॅक्टेरिया साधारण १ ते २ मायक्रॉन लांब असतात. जुलाबाला कारण ठरणारा जिआर्डिया त्याहून मोठा, ८ मायक्रॉनच्या पुढे. दोन्ही छिद्रांत अडकतात.

मग अडचण कुठे आहे?

अडचण व्हायरसची आहे. कावीळ करणारा हेपेटायटिस ए व्हायरस साधारण ०.०३ मायक्रॉनचा असतो. तो या छिद्रांतून सहज पार होतो.

हे व्हायरस पाण्यात येतात ते मुख्यतः माणसाच्या विष्ठेतून. अमेरिकेतल्या निर्जन डोंगररानात हा धोका कमी मानला जातो, त्यामुळे तिथले अनेक ट्रेकर्स फक्त फिल्टरवर भागवतात. आपल्याकडे शनिवार-रविवारी लोकप्रिय गडांवर तंबूंची गर्दी असते, शौचालयं मात्र नसतात किंवा अपुरी असतात. त्यामुळे परदेशी व्हिडिओतला सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

विकत घेताना काय बघाल?

• छिद्राचा आकार: ०.२ मायक्रॉन किंवा त्याहून कमी हवा. 'ॲब्सोल्यूट' म्हणजे त्याहून मोठं काहीही पार होणार नाही. 'नॉमिनल' हा फक्त अंदाजे आकार.

• व्हायरसचा उल्लेख: खोक्यावर फक्त बॅक्टेरिया आणि प्रोटोझोआ लिहिलं असेल, तर तो व्हायरस अडवत नाही असंच समजा. एनएसएफ पी२३१ या निकषानुसार तपासलेल्या उपकरणाला ९९.९९ टक्के व्हायरस कमी करावे लागतात. अशी उपकरणं महाग असतात.

• प्रकार: स्ट्रॉ स्वस्त आणि हलका, पण त्यातून पाणी भरून ठेवता येत नाही. एकट्या-दुकट्याला पिशवी पिळून वापरायचा फिल्टर सोयीचा. मोठ्या ग्रुपला उंचावर टांगायची पिशवी बरी.

• साफसफाई: उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुता यायला हवा. नाहीतर गढूळ पाण्यात लवकर तुंबतो.

स्वस्तातला उपाय कोणता?

साध्या फिल्टरला क्लोरीनच्या गोळ्यांची जोड द्या. आधी पाणी सुती फडक्यातून गाळा, मग फिल्टर करा, शेवटी गोळी टाका. बहुतेक गोळ्यांना किमान ३० मिनिटं लागतात, पाणी थंड असेल तर जास्त. नेमकी वेळ पाकिटावर बघा. नुसती गोळीही पुरत नाही, कारण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. त्याला फिल्टरच अडवतो.

सोबत स्टोव्ह असेल तर पाणी उकळणं सर्वांत भरवशाचं. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरे. २,००० मीटरच्या वर ३ मिनिटं उकळावं. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्रात १ मिनिटाचाच हिशेब.

या चुका टाळा

हिवाळ्यात हिमालयात जाणार असाल तर वापरलेला फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. आतलं पाणी गोठलं की नळ्या फाटू शकतात आणि ते बाहेरून कळत नाही. गोठल्याची शंका आली तरी तो पुन्हा वापरू नका.

शेताला लागून वाहणारं किंवा कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं पाणी टाळाच. त्यातली कीटकनाशकं आणि रसायनं असा फिल्टर काढत नाही, उकळूनही ती जातीलच असं नाही.