स्कूटर, रामायण आणि आईचा रविवार

परवा गटाच्या मीटिंगला हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि गप्पा सिनेमावर गेल्या. एक जण म्हणाली, "ताई, तेव्हाचे दिवस किती छान होते ना!" तिचा जन्म १९९५चा आणि बोलत होती सत्तर-ऐंशीच्या दशकाबद्दल.

तिचंही चुकलं नाही. पडद्यावर तो काळ गोडच दिसतो. २०१३ साली 'बालक पालक' आला, त्यात ऐंशीच्या दशकातली मुलं. त्याच वर्षी 'दुनियादारी', त्यात सत्तरच्या दशकातलं कॉलेज. २०१४ला 'टाइमपास', त्यात नव्वदच्या दशकातलं प्रेम. जी पोरं तेव्हा शाळा-कॉलेजात होती ती आता सिनेमे काढतात, आणि घरच्यांना घेऊन तिकीट काढतात तीही त्यांच्याच वयाची. म्हणून वीस-तीस वर्षांपूर्वीचा काळ फिरून येतो.

आपल्या पट्ट्याचं तर त्या काळाशी जवळचं नातं. पडद्यावर जुना काळ दाखवायला हमखास एक बजाज स्कूटर उभी करतात ना? चेतक १९७२पासून इथे आकुर्डीत बनायची. तेव्हा किती गाड्या बनवायच्या यावरही सरकारी परवान्याची मर्यादा होती, त्यामुळे नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. सिनेमात स्कूटर येते, ती रांग येत नाही. लग्नाच्या बोलणीत मुलीच्या बापाकडे स्कूटर मागायचे, तेही येत नाही. माझ्या मावशीचं एक स्थळ त्यावरूनच मोडलं. तीच मावशी जाहिरातीतली जुनी स्कूटर बघून "काय दिवस होते" म्हणते, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. २०२०च्या जानेवारीत चेतक पुन्हा बाजारात आली, विजेवर चालणारी, सुरुवातीला चाकणला बनलेली. नाव मात्र जुनंच ठेवलं. आठवणीलाही गिऱ्हाईक असतं.

सगळेच सिनेमे गोड नसतात हेही सांगते. २०१०चा 'लालबाग परळ' बघा. १९८२च्या गिरणी संपात मुंबईतली घरं कशी मोडली ते त्यात आहे. कारखान्यावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जास्त लागतो.

आता रामायणाचं. २५ जानेवारी १९८७ला दूरदर्शनवर ते सुरू झालं, रविवारी सकाळी. रस्ते ओस पडायचे, टीव्हीला हार घालायचे, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये, २८ मार्चला, तेच पुन्हा लागलं. आमच्याकडे कंपन्या बंद, गटाचे हप्ते थकलेले, घरात सगळे धास्तावलेले. मी आईला म्हटलं, "ये बस, तुझ्या वेळचं लागलंय."

आई म्हणाली, "मी कुठे बघितलंय? पिंपरीच्या चाळीत शेजाऱ्यांकडे टीव्ही. तुझे बाबा, काका, पोरं सगळी तिकडे. रविवारी पाहुणे, सगळ्यांचा नाश्ता, धुणं. मी आवाज ऐकायचे. कढई उतरवून जाईपर्यंत संपलेलं असायचं."

तेहतीस वर्षं आम्ही घरात तिच्यासमोर "आपण रामायण बघायचो" म्हणत होतो. ती कधी बोलली नव्हती, आम्हीही विचारलं नव्हतं.

त्या रात्री नऊ वाजता आईने पदराला हात पुसले, खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि माझ्या भावाला म्हणाली, "कुकरकडे लक्ष ठेव रे, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर."