जन्म इथलाच, तरी नागरिक कोण? घटना, साधा कायदा आणि दोन तारखा

पेणच्या किंवा रोह्याच्या सरकारी दवाखान्यात आज एक बाळ जन्माला आलं. ते भारताचं नागरिक झालं का?

बहुतेक जण म्हणतील, हा काय प्रश्न झाला! इथे जन्मलं म्हणजे इथलंच. पण कायदा तसं म्हणत नाही. कायदा आधी विचारतो, आईबाप कोण? हेच बाळ १९८६ साली जन्मलं असतं तर हा प्रश्न कुणी विचारला नसता. मग मधल्या काळात घटना बदलली का? नाही. बदलला तो साधा कायदा.

अमेरिकेत सध्या याच विषयावर रान पेटलंय. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी आदेश काढला की बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही. नोकरीसाठी तिकडे गेलेली आपली कितीतरी मराठी घरं यात येतात. खालच्या कोर्टांनी आदेश अडवला. कारण तिथे हा हक्क १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीत लिहून ठेवलाय. १८९८ साली वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी माणसाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की चिन्यांना रोखणारा कायदा असला, तरी इथे जन्मलेल्याचं नागरिकत्व त्याने जात नाही.

आपल्याकडे मात्र संसदेने हा हक्क दोनदा आवळला, आणि फारसा आवाज झाला नाही. असं का, ते समजायला ऑगस्ट १९४९ मध्ये जावं लागेल.

१० ते १२ ऑगस्ट १९४९, घटना समितीत नागरिकत्वाची कलमं चर्चेला होती. फाळणीचे घाव ओले होते, निर्वासितांचे लोंढे येत होते. मसुद्यावर तुटून पडले ते आपले विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख. त्यांचं म्हणणं, नुसत्या जन्मावर नागरिकत्व दिलं तर ते जगातलं सगळ्यात स्वस्त नागरिकत्व होईल. मुंबईवरून जाणारं एखादं परकं जोडपं चार दिवस थांबलं, बाई इथे बाळंत झाली, की मूल भारतीय? त्यांना आईबाप भारतीय असण्याची अट हवी होती. शिवाय कुठल्याही देशाचा नागरिक नसलेल्या हिंदू आणि शीख माणसाला, तो कुठेही राहत असला तरी, भारतीय मानावं अशीही त्यांची सूचना होती. समितीने ती नाकारली.

डॉ. आंबेडकरांची भूमिका वेगळी होती. ही कलमं कायमच्या नागरिकत्व कायद्यासाठी नाहीत, घटना सुरू होते त्या दिवशी नागरिक कोण एवढंच ती ठरवतात, असं त्यांनी सांगितलं. पुढचं संसदेवर सोडलं. तेच आपलं कलम ११. नागरिकत्व कसं मिळेल आणि कसं जाईल, याचा कायदा करायला संसद मोकळी.

म्हणजे बघा, अमेरिकेने हा हक्क तिजोरीत ठेवून किल्ली घटनेकडे दिली. आपण किल्ली संसदेच्या हातात दिली, आणि तीही समजून-उमजून.

पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. गृहमंत्री होते गोविंद वल्लभ पंत. अर्थमंत्री होते सी. डी. देशमुख, १९५२ साली आपल्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. त्या लोकसभेने मन मोठं ठेवलं. २६ जानेवारी १९५० पासून जो भारतात जन्मला तो नागरिक. परकीय वकिलातीतल्यांची मुलं असे मोजके अपवाद सोडले, तर आईबापांची चौकशीच नाही. पंजाबरावांची अट त्या कायद्यातही आली नाही.

१९६२ साली इझहार अहमद खान खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न आला, घटनेने दिलेलं नागरिकत्व संसद कायद्याने काढू शकते का? बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी. उत्तर होतं, हो. कलम ११ मुळे तो अधिकार संसदेला आहे.

मग पंजाबरावांची ती जुनी अट मागच्या दाराने आत आली. १९८६ ची दुरुस्ती, पार्श्वभूमी आसाम कराराची. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक तरी भारतीय हवा. नंतर २००३ ची दुरुस्ती. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. पहिली काँग्रेसच्या राज्यात, दुसरी वाजपेयींच्या. त्यामुळे यात एकाच पक्षाकडे बोट दाखवून चालणार नाही.

याच सुमारास आयर्लंडलाही हा हक्क कमी करायचा होता. पण तिथे तो घटनेत लिहिलेला. म्हणून जून २००४ मध्ये सरकारला लोकांकडे जावं लागलं, सार्वमत घ्यावं लागलं. लोकांनी 'हो' म्हटलं, पण त्यांना विचारलं तरी गेलं. आपल्याकडे संसदेत साधं बहुमत पुरलं.

मग संसदेला काहीच बंधन नाही का? आहे. कायदा समानतेच्या कलम १४ च्या कसोटीला लावता येतो. आसामसाठीच्या ६-अ कलमाची तशी तपासणी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते चार विरुद्ध एक मतांनी टिकलं. शिवाय १९८६ आणि २००३ या दोन्ही दुरुस्त्या पुढच्या जन्मांना लागू झाल्या, आधी जन्मलेल्यांचा हक्क तसाच राहिला.

तुम्ही म्हणाल, आमचे आईबाप इथलेच, आम्हाला काय त्याचं? फरक पडतो तो पुराव्यात. २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीची फेरतपासणी झाली. २००३ च्या यादीत ज्यांचं नाव नव्हतं, त्यांच्याकडे याच तारखा धरून कागद मागितले. जुलै १९८७ आधीचा जन्म असेल तर स्वतःचा कागद. त्यानंतरचा असेल तर आई किंवा वडिलांचाही. २ डिसेंबर २००४ नंतरचा असेल तर दोघांचाही.

आता आपल्या कातकरी वाडीतलं घर डोळ्यासमोर आणा. दिवाळीनंतर घरदार घेऊन वीटभट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. मूल भट्टीवर जन्मलं तर नोंद कुठे करायची? जिथे जन्म झाला तिथल्या ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत. ती राहून जाते. आई भट्टीवर जन्मलेली, तिची नोंद नाही. बाळाचीही नाही. यांच्याइतकं इथलं कोण आहे? तरी कागद मागितला तर हात रिकामे. पेणच्या गणपती कारखान्यांत आणि रोह्याच्या धाटाव एमआयडीसीत परराज्यातून आलेल्या कामगारांच्या पोरांचंही तेच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना तर शाळेपासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखलाच लागणार आहे.

आंबेडकरांनी किल्ली संसदेकडे दिली, कारण पुढची संसद लोकांची असेल हा विश्वास होता. तो विश्वास पाळायचा तर नागरिकत्वाचा कायदा दिल्लीत बदलतो तेव्हा आपल्या खासदाराने काय मत दिलं, हे आपण विचारायला हवं. १९८६ ला विचारलं नाही, २००३ लाही नाही.

तोवर एक करा. तुमच्या वाडीत, आळीत, कामावर कुणाच्या बाळाची नोंद राहिली असेल तर त्यांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा. वर्ष उलटलं की प्रांत ऑफिसच्या खेपा सुरू होतात, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी.