आकृतीखालची कृती

सकाळचे साडेआठ वाजून गेलेत आणि बाहेर अजून काळोख आहे. तुमचं घड्याळ बरोबर आहे. हा 1970 सालचा जानेवारी; ब्रिटननं सध्या बाराही महिने घड्याळं तासभर पुढे ठेवायचा प्रयोग चालवलाय, त्यामुळे केंब्रिजला सूर्य नऊनंतरच उगवतो. खिशात शिलिंग खुळखुळताहेत, दशमान पौंड यायला अजून वर्ष आहे. हिल्स रोडवरच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचं दार तुम्ही ढकलता. फ्रेडरिक सँगर याच इमारतीत काम करतात, क्रिक आणि ब्रेनर एकाच खोलीत बसतात, आणि वरच्या मजल्यावरचं कँटीन मॅक्स पेरुट्झ यांच्या पत्नी गिझेला बघतात. पण तुम्हाला गाठायचंय ते उलरिख लेमली या तरुण स्विस संशोधकाचं टेबल.

एम.एस्सी.ला प्रथिनांचं जेल चालवलं असेल, तर तुमची नजर आधी दोन काचा आणि त्यांच्यातला कंगवा शोधेल. इथे ते काही नाही. स्टँडमध्ये बारीक काचनळ्या उभ्या आहेत. एका नळीत एकच नमुना. रसायनं मात्र ओळखीची निघतात. 30 टक्के अ‍ॅक्रिलामाइडचं द्रावण, त्यात 0.8 टक्के बिस-अ‍ॅक्रिलामाइड, ट्रिस, पीएच 8.8. हातमोजे घाला, इथे कुणी घालो न घालो. द्रावणातलं सुटं अ‍ॅक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक असतं. एकदा जेल झालं की तो धोका जवळपास संपतो.

शेवटी जेल घट्ट करणारी टेमेड आणि अमोनियम परसल्फेट. मिश्रण नळीत सोडता, वर अलगद पाण्याचा थर देता आणि थांबता. आत अ‍ॅक्रिलामाइडच्या लांब साखळ्या वाढताहेत आणि बिस त्यांना जागोजागी एकमेकींशी जोडतंय. अ‍ॅक्रिलामाइड वाढवा, जाळी बारीक होईल. कमी करा, सैल होईल. स्टार्चच्या जेलमध्ये हा ताबा नव्हता. रेमंड आणि वाइनट्रॉब यांनी 1959 मध्ये अ‍ॅक्रिलामाइडचं जेल पुढे आणलं, ते त्यामुळेच मोलाचं.

आता नमुना. टी4 या विषाणूची लागण झालेले ई. कोलाय जिवाणू, किरणोत्सारी कार्बन असलेली अमिनो आम्लं खाऊन बसलेले. त्यांत एसडीएस हे साबणासारखं द्रव्य घालायचं, थोडं ग्लिसरॉल, निळा रंग, आणि मर्कॅप्टोइथेनॉल. बाटली उघडताच सडक्या अंड्याचा भपकारा येतो. पन्नास वर्षांनीही हा वास असाच असणार आहे, एवढं मी खात्रीनं सांगतो. मग दीड मिनिट उकळत्या पाण्यात. प्रथिनांच्या घड्या मोडतात, गंधकाचे बंध तुटतात आणि एसडीएस साखळीभर चिकटतं, वजनाच्या जवळजवळ दीडपट. प्रथिनाचा मूळ विद्युतभार आता झाकला गेला. सगळी ऋणभारित, सगळी एकाच ओढीनं धनाग्राकडे निघालेली; फरक उरतो तो लांबीचा, आणि तो जाळीत कळतो.

ही युक्ती मायझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्येच दाखवली होती. लेमलीनं तिला न्यूयॉर्कच्या ऑर्नस्टाइन आणि डेव्हिस यांची दुसरी युक्ती जोडली. मुख्य जेलवर एक सेंटिमीटरचं सैल जेल, पीएच 6.8. प्रवाह सुरू करा आणि नळीला डोळा लावून बसा. क्लोराइड पुढे पळतं. ग्लायसिन मागे रेंगाळतं, कारण या पीएचला त्याच्यावर भार जवळपास नसतोच. प्रथिनं दोहोंच्या मध्ये सापडतात: पुढची दिंडी ओलांडता येत नाही, मागची दिंडी रेंगाळू देत नाही. पसरट नमुना दबून कागदाइतका पातळ होतो. खालच्या जेलमध्ये पीएच 8.8 लागताच ग्लायसिनला भार मिळतो, ते प्रथिनांना मागे टाकून निघून जातं, आणि तिथून पुढे ज्याची त्याची चाल. सुरुवातच अशी एका रेषेत झाल्यामुळे पट्ट्या धारदार उमटतात. खरं कसब इथे आहे, असं माझं मत.

एका नळीला 3 मिलिअँपिअर. निळा रंग तळाला पोचायला सात तास. कँटीनमध्ये जाऊन या.

आज जे इथे चाललंय ते ऑगस्टमध्ये 'नेचर'मध्ये छापून येईल. शीर्षकात जेल नसेल, टी4 च्या डोक्याची जुळणी असेल. पाककृती असेल ती एका आकृतीखालच्या बारीक टाइपात. 2014 मध्ये 'नेचर'नं सर्वाधिक उद्धृत निबंधांची यादी केली, तेव्हा हा दोन लाखांवर उल्लेखांसह दुसरा आला. पण संदर्भ देणाऱ्या बहुतेकांना विषाणूशी कर्तव्य नव्हतं. त्यांना ती आकृतीखालची कृती हवी होती. म्हणूनच मूळ प्रश्न, टी4 चं डोकं कसं जुळतं तो, बघून घ्या.

कुमासी निळ्यात रंगवलेली जेलं एका बाजूला ठेवा. उभी कापून वाळवलेली जेलं क्ष-किरण फिल्मवर दाबून ठेवलेली असतात; काही दिवसांनी फिल्म धुतली की किरणोत्सारी प्रथिनं काळ्या पट्ट्या होऊन दिसतात. किरणोत्सारी अमिनो आम्लं दिल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यात 55 हजार रेणुभाराच्या आसपास ठळक पट्टी आहे: 23 क्रमांकाच्या जनुकाचं प्रथिन, डोक्याच्या कवचाचा मुख्य घटक. काही मिनिटांनंतरच्या नमुन्यात ती फिकट झालीय आणि 45 हजारांजवळ दुसरी उगवलीय. म्हणजे प्रथिन आधी लांब बनतं, आणि डोकं रचलं जात असताना त्याचा तुकडा उडवला जातो. डोक्याच्या चार मुख्य घटकांचं असंच होतं.

आता ज्यांचं 20, 21, 22 किंवा 31 क्रमांकाचं जनुक बिघडलंय, अशा विषाणूंच्या फिल्म घ्या. डोकं नीट रचलं जात नाही, आणि 55 हजारांची पट्टी जिथल्या तिथे राहते. रचना नाही तर कापणी नाही. पण कापतंय कोण, ते इथे अजून कुणाला कळलेलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे: 21 क्रमांकाच्या जनुकाचं प्रथिन. तुम्ही ती फिल्म उजेडात धरता, शेजारी बाकीच्या तीन धरता. त्या पट्टीपुरत्या चारही सारख्याच दिसतात; नुसत्या या पट्ट्यांवरून तुम्हालाही ते ओळखता आलं नसतं.