जोगवा म्हणजे भीक नव्हं, खळ्यातला वाटा



मार्गशीर्षात रब्बी ज्वारी पोटरीत येते, तूर भरते. या महिन्याच्या अमावस्येला आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाई-परळीकडं, पुढं लातूर-धाराशिवला येळवस असते. कडब्याची खोप, मातीचे नाहीतर दगडाचे पांडव, आंबील, भज्जी, उंडे. वाटसरूलासुद्धा हाताला धरून पंगतीत बसवतात. हे बहुतेकांना माहीत आहे. पण तिच्या पंधरा दिवस आधीच्या पुनवेला आंबिलीचाच मान असलेली दुसरी एक जत्रा लागते. त्या जत्रेला जमणाऱ्या माणसांचा आपल्या जमिनीशी काय संबंध होता, ते आज लिहितो.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा, म्हणजे रेणुका. मार्गशीर्ष पुनवेला देवीचा नवरा जमदग्नी गेला असं मानून बांगड्या फोडतात आणि माघी पुनवेला पुन्हा चुडा भरतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातली शेतकरी कुटुंबं इथं पिढ्यान्‌पिढ्या जातात. या जत्रेत जोगते दिसतात. जोगता म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष. त्यातले कितीतरी साडीचोळी नेसतात, बाई म्हणूनच जगतात. कानडीत त्यांना जोगप्पा म्हणतात. डोक्यावर देवीचा जग, काखेत परडी, साथीला चौंडकं. एरवी गावोगाव विखुरलेली ही माणसं जत्रेत एकमेकांना भेटतात. घरानं टाकलेल्याला तिथं गुरू भेटतो, गुरुबहिणी भेटतात.

जग सौंदत्तीहून माघारी आले की कोल्हापुरात रेणुकेच्या देवळात आंबील यात्रा भरते. नैवेद्याला आंबील, भाकरी, वांग्याची भाजी, दहीभात, कांद्याची पात, गाजर. यादी नीट वाचा. यात दुकानातून आणायचं काय आहे? त्या दिवसांत रानात जे तयार असतं तेच देवीच्या ताटात. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेली आंबील येळवशीला काळ्या आईला दाखवतात, तीच इथं यल्लम्माला. रानातलं पहिलं रानाच्या देवीला, ही रीत दोन्हीकडं एकच.

आता परडीकडं बघू. मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायचा आणि त्यात घरानं पीठ, मीठ, धान्य घालायचं. आज आपण त्याला भीक म्हणतो. पण जुना कारभार वेगळा होता. मराठेशाहीत तृतीयपंथीयांना (जुन्या कागदात हिजडे) जमिनीची इनामं होती. ठरलेल्या मुलखातल्या शेतकरी घरांकडून धान्य आणि थोडी रोकड घ्यायचा हक्क होता. सुतार-लोहाराला जसं खळ्यावर बलुतं, तसाच हा एक हक्क. बलुतं घ्यायला आलेल्या सुताराला आपण भिकारी म्हणत नव्हतो.

हा हक्क मोडला इंग्रजांनी. मुंबई इलाख्यात इनामांची तपासणी सुरू झाली, त्यासाठी १८५२ चा ११ वा कायदा आला. तृतीयपंथीयांची इनामं तपासणीत सापडली. त्यांच्यात जमीन गुरूकडून चेल्याकडं जायची. सरकारनं विचारलं, रक्ताचा वारस कुठं आहे? तो नव्हता, म्हणून जमीन गेली आणि धान्याचा हक्कही मानला गेला नाही. पुढं १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांच्यासाठी वेगळा भागच घातला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. नावं रजिस्टरात लिहायची, बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसलं की वॉरंटशिवाय अटक, मृत्युपत्र करायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही.

आपलं बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्यातही असाच कायदा झाला, १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ साली. फसली सन हे पिकाच्या हिशोबाचं, महसुलाचं साल. ज्या सालानं शेतसारा मोजला, त्याच सालात या माणसांचं रजिस्टर निघालं. तेलंगणाच्या हायकोर्टानं तो कायदा रद्द केला २०२३ साली.

देवीच्या नावावर सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. अजाण लेकरं देवाला सोडायची चाल वाईटच होती. मुंबई इलाख्यात १९३४ ला, महाराष्ट्रात पुन्हा २००५ ला तिच्याविरुद्ध कायदे झाले ते बरंच झालं. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत ते दुःख आहे, 'जोगवा' सिनेमातही आहे. पण चाल बंद करताना माणसाला वाटा कुठून मिळणार, हा प्रश्न तसाच राहिला.

सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथी ही ओळख मान्य केली. २०१९ ला त्यांच्या हक्कांचा कायदा आला. २०१७ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं तृतीयपंथी ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं. उत्तर प्रदेशानं २०२० मध्ये महसूल कायदा बदलून शेतजमिनीच्या वारसांत तृतीयपंथी शब्द घातला. आपल्या वारसा कायद्यात मात्र अजून मुलगा आणि मुलगी हेच दोन शब्द आहेत.

म्हणून मला वाटतं, खरा प्रश्न तलाठ्याच्या आधी आपल्या ओसरीवर सुटतो. असं लेकरू कुणाच्याही घरात जन्मतं. लोक काय म्हणतील म्हणून ते पुण्या-मुंबईला निघून जातं आणि मागं वाटणीच्या कागदावर त्याचं नाव गळतं. भावांना ते सोयीचंच पडतं. इंग्रजानं रक्ताचा वारस नाही म्हणून जमीन काढली होती. आपण तर रक्ताच्या वारसाचीच काढतो.

वाटणी करताना ते नाव गाळू नका. वारस नोंद लावताना त्यालाही बोलवा. येळवशीला आपण वाटसरूला हाताला धरून पंगतीत बसवतो, मग घरच्या माणसाला निरोप धाडायला काय हरकत आहे?

तुमच्या भागात जोगत्यांना सुगीत काय द्यायची रीत होती, किती पायली, कोणत्या दिवशी, हे जुन्या माणसांना विचारून मला जरूर कळवा. खळी गेली, मळणी यंत्र आलं. ही माहिती सांगणारी माणसंही आता थोडीच उरलीत.