नळी, चाप आणि परवाना

मराठीतील बंदुकीची शब्दसंपदा एका विशिष्ट टप्प्यावर येऊन थांबते. नळी, कुंदा, गज, तोडा, जामगी, रंजक, चाप, घोडा, येथवरचे सारे शब्द मराठीत मुरलेले आहेत. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून. पण मराठीने त्यांना आपले लिंग दिले, आपल्या विभक्ती लावल्या आणि घरात घेतले. त्यापुढे मात्र बॅरल, बोल्ट, ट्रिगर, मॅगझिन अशी रांग सुरू होते. मोटारीचेही बहुतेक शब्द इंग्रजीच आहेत, असा आक्षेप यावर घेता येईल. तथापि रस्त्याकडेच्या फिटरने ‘पाटा’, ‘पाना’, ‘चाक’ हे जुने शब्द नव्या यंत्राला जोडून टाकले. बंदुकीच्या बाबतीत तसे घडले नाही. असे का झाले, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला थेट इतिहासाकडे नेतो.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर हे महादेव कोळ्यांच्या मुलखातले बाजाराचे गाव आहे. भंडारदऱ्याचा रस्ता येथून जातो, डांगी जनावरांचे प्रदर्शन येथे भरते. रतनगड, हरिश्चंद्रगड, अलंग, कुलंग हे सारे गड याच डोंगररांगांतले. मराठी राज्यात या गडांच्या राखणीवर कोळी नाईक असत. १८१८ नंतर गड गेले, राखणीची कामे गेली, आणि मागे सावकाराचे कर्ज तेवढे उरले. याच परिसरातील देवगावचे राघोजी भांगरे १८४५च्या सुमारास सावकारशाही आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठले. १८४८च्या जानेवारीत ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले.

त्या काळची भारतीय बंदूक ही मुळातच जुळवणीची वस्तू होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. नळी घडवणारा लोहार वेगळा, कुंदा तासणारा सुतार वेगळा. कुंदा मोडे, कुजे, नळी टिके. म्हणून जुन्या नळीला नवा कुंदा बसवणे, तोड्याच्या जागी चकमकीचा चाप लावणे, विलायती चाप देशी नळीला जोडणे हे सर्रास चाले. बंदूक विकत घेऊन संपत नसे; ती पिढ्यान्‌पिढ्या घडत राही. तिच्या प्रत्येक अवयवाला मराठी नाव मिळाले, कारण त्या प्रत्येक अवयवाला मराठी बोलणाऱ्या कारागिराचा हात लागत होता.

राघोजी डोंगरात होते त्याच सुमारास पॅरिसमध्ये फ्लोबेर नावाचा कारागीर एका चिमुकल्या काडतुसावर काम करीत होता. १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन यांनी त्यातून पॉइंट टू टू, म्हणजे ०.२२ इंच व्यासाचे काडतूस बाजारात आणले. याला ‘रिमफायर’ म्हणतात. काडतुसाच्या बुडाची कड दुमडलेली असते आणि पेट घेणारे मिश्रण त्या दुमडीतच भरलेले असते. टोला कडेवर बसला की बार उडतो. आपल्या शब्दांत सांगायचे तर रंजक काडतुसाच्या काठात शिरले. तोडा गेला, गज गेला. १८५७ हे वर्ष आपल्याकडे काडतुसांवरून पेटलेल्या उठावाचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्तीही त्याच वर्षीची. म्हणजे ठासणीच्या बंदुकीची मराठी कोशात स्थिरावत होती त्याच वेळी ती बंदूक जगातून निघण्याच्या वाटेवर होती.

नव्या यंत्राला नवे शब्द मिळायचे तर ते कारागिराच्या हाती पडावयास हवे होते. ती वाट कायद्याने बंद केली. उठावानंतर १८६० साली निःशस्त्रीकरणाचा कायदा आला. १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा सर्वंकष कायदा झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. निबंधमालेच्या त्या काळातील या दोन कायद्यांपैकी साहित्याचे विद्यार्थी एकच वाचतात. वृत्तपत्रांचा कायदा चार वर्षांत, १८८२ साली, रद्द झाला. शस्त्रांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही १९५९च्या नव्या कायद्यापर्यंत राहिला. त्याच्या नियमांनी युरोपियनांना परवान्यातून सूट दिली होती. कूर्गच्या कोडवांनाही १८६१ पासून सूट मिळाली आणि ती आजही चालू आहे. त्यांच्या कैलपोळ्ध सणात बंदुकीची पूजा होते. सह्याद्रीतल्या कोळ्यांना अशी सूट कोण देणार? राघोजींचा उठाव मोडून तीसच वर्षे झाली होती. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडात रामोशांबरोबर कोळीही दिसले.

या कायद्याची व्याख्या मात्र बारकाईने वाचण्याजोगी आहे. १८७८च्या कायद्याने ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रसामग्रीही घातली. १९५९च्या कायद्याने तेच कायम ठेवले. बंदूक नेमकी कोठे असते, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटेल. पण त्याचे उत्तर देशागणिक वेगळे आहे. अमेरिकेत रूगर कंपनीची १०/२२ नावाची रायफल १९६४ पासून आहे. तिच्यासाठी इतर कारखानदारांनी इतके सुटे भाग बनविले, की मूळ कंपनीचा एकही भाग न वापरता तशी रायफल घरी जुळवता येते. तेथील केंद्रीय कायदा ‘रिसीव्हर’ला, म्हणजे बाकीचे भाग ज्या मधल्या सांगाड्यात बसतात त्याला, बंदूक मानतो, नळी, कुंदा, चाप हे साधारणपणे बिनपरवाना मिळतात. आपल्याकडे सुटी नळीही बंदूकच. नळी ठोकणाऱ्या लोहाराच्या कामावर कायद्याचा पहारा बसला, तो असा.

शस्त्रे सुलभ व्हावीत असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील शाळांमध्ये झालेले गोळीबार सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. आमचा मुद्दा एका कारागिरीच्या आणि तिच्या भाषेच्या नाशाचा आहे. ती जुळवणीची कला आपल्याकडे परत आली ती खेळाच्या रूपाने. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलमध्ये विश्वविजेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. ५० मीटरवरील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचे, आणि गोळी त्याच जुन्या पॉइंट टू टूची. तेथे रायफल माणसाच्या शरीरावर बेतावी लागते: गालाचा टेकू, खांद्याचा आकडा, हाताचा आधार, वजनाचे तुकडे, सारे मिळून आठ किलोंच्या मर्यादेत. एकाच कारखान्याच्या काडतुसांचा एक लॉट एखाद्या नळीला मानवतो, दुसरा मानवत नाही. म्हणून लॉट तपासून साठा केला जातो. जुन्या नळीला नवा कुंदा बसवणाऱ्याला हे सारे समजले असते.

पण अव्वल दर्जाच्या या रायफली आणि त्यांचे भाग जर्मनी, स्वित्झर्लंडहून येतात. नामांकित नेमबाजांना आयातीची सवलत आहे. मात्र नामांकित होईपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करावयाचा. मराठेशाहीत घोडा व हत्यार स्वतःचे असलेला तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. डोंगरी तालुक्यातील बहुतेक मुलांना पॉइंट टू टू रायफल भेटलीच तर एन.सी.सी.च्या शिबिरात, मोजक्या फैरींपुरती. ती बारगिरीच म्हणावयाची.

‘फुसका बार’, ‘दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक’ हे वाक्प्रयोग आपण रोज करतो आणि वर्गात त्यांचा लाक्षणिक अर्थ सांगून पुढे जातो. हे शब्द ज्या हातांनी घडविले ते हात कोणाचे होते आणि ते केव्हा रिकामे झाले, हेही वर्गात सांगावयास हवे. राजूरसारख्या गावांतील लोहार-सुतारांच्या जुन्या पिढीकडे अवजारांची जी नावे अद्याप उरली असतील, ती टिपून घेण्याचे काम मराठीच्या विद्यार्थ्यांना करता येण्याजोगे आहे. त्यासाठी परवाना लागत नाही.