शिंग, सरस आणि कोकणचा पाऊस

मध्ययुगीन दख्खनच्या सैन्यांत घोडेस्वार जी कमान वापरत, ती एका लाकडाची नसे. मध्ये लाकडाचा किंवा बांबूचा पातळ गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, शत्रूकडच्या पाठीवर जनावरांच्या कंडरांचे तंतू, आणि हे सगळे एकजीव करणारा सरस, अशी तिची घडण होती. चिल्ला, म्हणजे कमानीची दोरी, उतरवला की ही कमान उलटी वळते. दोन्ही टोके पुढे येतात आणि खेकड्याच्या नांग्यांसारखी एकमेकींकडे झुकतात. चढवताना तिला या स्वाभाविक वळणाच्या विरुद्ध दिशेने वाकवावे लागते. म्हणजे तीर लावण्याआधीच तिच्या अंगात ताण भरलेला असतो. आजच्या क्रीडाप्रकारात ‘रिकर्व्ह’ म्हणून ओळखले जाणारे धनुष्य याच कुळातले आहे.

या तीन थरांचे काम वाटून दिलेले असते. कमान ओढली की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब सोसते आणि मोकळे होताच उसळते. कंडरा ताणली तरी तुटत नाही. गाभ्याचे लाकूड या दोघांना फक्त एकमेकांपासून दूर धरते. टोकांकडचा भाग ताठ असतो आणि ओढताना तो तरफेचे काम करतो, त्यामुळे सुरुवातीला ओढ जड लागली तरी शेवटच्या वितीत हाताला दिलासा मिळतो. इंग्लंडमधले एकाच लाकडाचे धनुष्य माणसाच्या उंचीचे असे. शिंगाची कमान त्याहून पुष्कळ आखूड, म्हणून घोड्यावर बसून डावीउजवीकडे फिरवता येई. तिचा पल्लाही मोठा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या तुर्की वकिलातीतले महमूद एफेंदी यांनी अशाच कमानीने चारशे मीटरांपलीकडे तीर टाकला, तेव्हा तिथले शौकीन तिरंदाज चकित झाले.

कमान घडवणारा तो कमानगर, तीर करणारा तो तीरगर. कमानगराचे काम ऋतू पाहून चाले. कंडरा वाळवून, कुटून, विंचरून तिचे केसासारखे तंतू काढायचे, ते कोमट सरसात भिजवायचे आणि गाभ्याच्या पाठीवर एकमेकांलगत बसवायचे. एक थर वाळला की दुसरा. सरस वाळताना तंतू आक्रसतात आणि कमानीला मागे ओढत नेतात. तिचे उलटे वळण काही अंशी या आक्रसण्यातूनच येते. सगळे थर मुरायला महिने लागत. मग दोन्ही अंगे सारखी वाकतात का ते पाहून शिंग तासायचे आणि शेवटी वरून रोगण. हिंदुस्थानी कमानींवर हे रोगण वेलबुट्टीने आणि सोनेरी नक्षीने सजवलेले आढळते. नक्षी शोभेची, पण रोगणाचे खरे काम हवेतला ओलावा सरसापर्यंत पोहोचू न देणे हे होते.

शिंगाच्या धनुष्याची आठवण संस्कृतात फार जुनी आहे. विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगापासून, शिंगापासून झालेले. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचा बालाजी शार्ङ्गधर म्हणवतो तो त्यावरूनच. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये शस्त्रविनोदाला, म्हणजे शस्त्रांच्या खेळांना, जागा आहे. कोकणात त्या काळाची साक्ष दगडात आहे. बोरिवलीजवळच्या एक्सरच्या वीरगळांवर गलबतांची लढाई कोरलेली आहे आणि त्याच शिल्पांत धनुर्धारी लढताना, पडताना दिसतात. पुढे सल्तनतींबरोबर फारसी शब्द आले आणि युद्धातल्या हत्याराचे रोजचे नाव ‘कमान’ झाले. ‘धनुष्य’ पुराणात आणि कीर्तनात राहिले.

मराठीत या हत्याराचे शब्द हत्यारापेक्षा जास्त टिकले. दाराची कमान आणि घड्याळाची कमान या दोन्ही त्याच बाकातून आल्या. एखाद्याचा भाग्योदय होत असला की त्याची ‘चढती कमान’ आहे असे म्हणतात. सर्वांत लांबचा प्रवास ‘शिस्त’ या शब्दाचा. फारसीत त्याचा संबंध अंगठ्याशी आणि तिरंदाजाच्या अंगठ्यातल्या कड्याशी आहे. मोगली पद्धतीत चिल्ला बोटांनी ओढत नसत, अंगठ्याने ओढत. तेव्हा कातडी सोलू नये म्हणून शिंगाचे, हस्तिदंताचे किंवा श्रीमंतांकडे संगेयशबाचे (जेडचे) कडे घालीत. कड्यावरून शब्द नेमावर आला. ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. आज शाळेत मुलांना जी शिस्त लावली जाते ती याच शब्दाची.

एका शब्दाने मात्र अभ्यासकांची पुष्कळ फसगत केली आहे. अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत ‘बाण’ लिहिलेले दिसले की तिथे बहुतेक वेळा धनुष्याचा संबंध नसतो. तो दारूचा बाण, म्हणजे लोखंडी नळीचा अग्निबाण असतो. त्याच्या गठ्ठ्याला बाणांची कैची म्हणत. धनुष्यातून सुटतो तो ‘तीर’. हा भेद लक्षात न घेता बाणांचे आकडे वाचले तर पेशवाईत तिरंदाजांच्या फौजा होत्या असे वाटू लागते, आणि ते चूक आहे.

मराठ्यांच्या सैन्यात कमान होती, पण तिचे स्थान दुय्यम होते. मोगल घोडेस्वाराची ती मानाची खूण होती. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की बंदूकवाल्याची बंदूक दोनदा उडेपर्यंत स्वार सहा तीर सोडतो. मराठा स्वाराचा भर तलवारीवर आणि भाल्यावर. पायदळाबद्दल ग्रँट डफच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात एक नोंद आहे, ती कोकणच्या दृष्टीने फार मोलाची आहे. शिवाजी महाराजांच्या पायदळात घाटावरचे मावळे आणि कोकणातले हेटकरी होते. हेटकऱ्यांची ख्याती बंदुकीच्या नेमबाजीची. तरीही दर दहा माणसांत एकाकडे बंदुकीऐवजी तीरकमान दिलेली असे, कारण रात्रीच्या छाप्यात आवाज आणि उजेड करून चालत नसे. दहातला एक, आणि तोही अंधारातल्या कामासाठी. तोड्याच्या बंदुकीची जळती वात दुरून दिसते, तीर दिसत नाही. गडावर दोर लावून चढणाऱ्या टोळीला या एका माणसाचा केवढा आधार असेल, याची कल्पना ज्याने सह्याद्रीतली काळोखी रात्र पाहिली आहे त्याला सहज येईल.

किनाऱ्यावर उतरले की मात्र कमान दिसेनाशी होते. दापोली तालुक्यातले मुरुडच पाहा. हे हर्णे आणि कर्दे यांच्यामधले, नारळी-पोफळीच्या आगरांचे समुद्रकाठचे गाव. त्याचे नाव महाराष्ट्राला माहीत आहे ते विश्वनाथ नारायण मंडलिक आणि धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे, म्हणजे कायदा आणि शिक्षण यांमुळे. मंडलिकांनी आपले हे गाव कसे वसले त्यावर निबंधही लिहिला. लढाई शेजारच्या हर्णेला, सुवर्णदुर्गावर होती. १७५५ साली इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तो किल्ला तुळाजी आंग्र्यांकडून घेतला तो तोफांच्या बळावर. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांची ताकदही तोफाच होत्या. दंतकथेत मात्र ही सारी भूमी एका धनुष्याची देणगी आहे. परशुरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला, समुद्र मागे हटला आणि कोकण वर आले. गोव्यात बाणावली गावाचे नाव त्या बाणावरूनच पडले असे सांगतात.

बाणातून निघालेल्या या भूमीत शिंगाची कमान का रुजली नाही, याचे एक कारण सरसाच्या भांड्यात सापडते. सरस पाण्यात विरघळतो. कमान घडवताना तोच गुण कामाचा असतो, पावसाळ्यात मात्र तोच घात करतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात मुरुडसारख्या गावात मीठ पाझरते, पापड सादळतात, चामड्याच्या वहाणांवर बुरशी धरते. अशा हवेत कंडरांचे थर ओलावा शोषून सैल पडतात, ओढ हलकी होते, अंगे पीळ खातात, आणि शिंग गाभ्यापासून सुटू लागते. रोगण हे सगळे लांबवते, थांबवत नाही. तुर्कस्तानातले तिरंदाज कमानी उबदार पेट्यांत ठेवून कोरड्या करत. कोकणात चार महिने ते करणे म्हणजे चुलीशी पहारा देण्यासारखे. पाऊस हे एकटेच कारण नव्हे. ही कमान मुळात घोड्यावरची, आणि खाड्या, कातळ व दाट झाडी असलेल्या या पट्ट्यात घोडदळाला वावच नव्हता. पण देशावरच्या कोरड्या हवेत जे हत्यार पिढ्यान्‌पिढ्या टिके, ते किनाऱ्यावर मोजके पावसाळेच काढू शकले असते, असा अंदाज करता येतो.

या अडचणीवर हिंदुस्थानी लोहारांनी काढलेला तोडगा म्हणजे पोलादी कमान. आकार हुबेहूब शिंगाच्या कमानीचा, अंग संपूर्ण पोलादाचे, वर सोन्याचांदीची कोफ्तगरी, म्हणजे जडवलेली नक्षी. काही कमानी मुठीपाशी आट्यांनी जोडलेल्या असत, दोन तुकडे करून ठेवता येत. पोलाद शिंगाइतके चपळ उसळत नाही, त्यामुळे तीर मंद जातो. पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिली तरी ती वापरायला तयार असते. संग्रहालयांत पोलादी कमानी चांगल्या अवस्थेत दिसतात आणि शिंगाच्या कमानी अनेकदा भेगाळलेल्या, टोके वाकडी झालेल्या, याचे कारण त्या धातूतच आहे.

कोकणच्या डोंगरात जे धनुष्य खरोखर वापरात राहिले ते कातकऱ्यांचे. खानदेशात भिल्लांचेही तसेच. भिल्ल त्याला कामठा म्हणतात. ते बांबूचे आणि साधे, उलटे वळण नसलेले. भिल्लांच्या धनुष्याची दोरीसुद्धा चिरलेल्या बांबूच्या कामटीची. कमानगराला महिने लागत तिथे हे काम कोयत्याने थोड्या वेळात होते, आणि मोडले तर रान जवळच असते. १८२५ साली इंग्रजी फौजेतल्या आउट्रमने खानदेशात भिल्ल पलटण उभी केली तेव्हा या तिरंदाजांच्या हाती बंदुका दिल्या. बागायतीत आणखी एक धनुष्य होते, गलोल. दुहेरी दोरीला मध्ये छोटी झोळी, आणि तीत मातीची भाजलेली गोळी. रबर आल्यावर धनुष्य गेले आणि दुबेळक्याच्या बेचकीलाच लोक गलोल म्हणू लागले.

कमानगरांचा धंदा बंदुकीने खिळखिळा केलाच होता. १८७८ च्या हत्यार कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत तलवारी-भाल्यांबरोबर धनुष्यबाणही घातले. दसऱ्याच्या शस्त्रपूजेत घरोघर तलवार, सुरी, कोयता दिसतो. कमान दिसत नाही.

आज जुन्या कमानी जमवणाऱ्यांपुढे दोन वेगळी क्षेत्रे आहेत. पहिले शिंगाच्या आणि पोलादी कमानींचे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. अशी कमान हाती आली तर तिचा चिल्ला चढवण्याचा मोह टाळावा. सरस दोनशे वर्षांत ठिसूळ झालेला असतो, आणि एकदा शिंग तडकले की ते जोडता येत नाही. मुठीच्या दोन्ही बाजूंना शिंग उचलले आहे का, पाठीवर रोगणाखाली आडव्या भेगा आहेत का, हे उजेड तिरका धरून पाहावे. वस्तूचा इतिहास त्या भेगांतही असतो, म्हणून त्या रंगाने बुजवणे हे मोठे नुकसान.

दुसरे क्षेत्र चालवता येणाऱ्या जुन्या रिकर्व्हचे. १९५० च्या दशकात अमेरिकेत फ्रेड बेअर आणि अर्ल हॉइट यांच्यासारख्या कारागिरांनी लाकडी गाभ्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंच्या पट्ट्या चिकटवल्या. रचना कमानगराचीच. शिंग आणि कंडरा या दोघांच्या जागी काच आली, सरसाच्या जागी पावसाला न भिणारे कृत्रिम गोंद. १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परतली, आणि १९७३ मध्ये भारतीय तिरंदाजी संघटना स्थापन झाली. लाकूड-काचेच्या त्या काळच्या कमानी जगभर अजून हौसेने वापरल्या जातात. त्यांची काळजी मात्र जुन्या माणसासारखी घ्यावी लागते. दोरी चढवताना पायात अडकवून वाकवले तर अंग पिळते, त्यासाठी चढवण्याची वेगळी दोरी वापरतात. आजच्या न ताणणाऱ्या धाग्याची दोरी जुनी टोके फोडते. तिथे थोडी ताणणारी डेक्रॉनचीच हवी. तीर न लावता दोरी कधीच सोडू नये, कारण तिराला मिळायची ती शक्ती कमानीच्याच अंगावर परतते.

महाराष्ट्रात आज जी तिरंदाजी वाढते आहे तिचा पाया बांबूच आहे. राष्ट्रीय स्पर्धांत ‘इंडियन राउंड’ हा बांबूच्या धनुष्याचा स्वतंत्र गट असतो आणि अनेक मुले तिथूनच रिकर्व्हकडे वळतात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव क्रीडा प्रबोधिनीत घडला, २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत भारताच्या रिकर्व्ह संघाबरोबर रौप्यपदक मिळवून टोकियो ऑलिंपिकला गेला. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि साताऱ्यातच सराव करणारा नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे कप्प्यांच्या धनुष्याच्या, प्रकारात जगज्जेते ठरले. ही सगळी नावे घाटावरची आणि विदर्भातली आहेत, कोकणातली नाहीत.

किनाऱ्यावर काचतंतूची जुनी कमान ठेवायची तर गोंदाची भीती नाही, पण मुठीचे लाकूड आणि चामडे ओलावा धरतेच. ती दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवी, भिंतीपासून थोडी सुटी ठेवतात. कोपऱ्यात टेकवून उभी ठेवली तर खालचे अंग वाकते. मोटारीच्या तापल्या डिकीतही ती ठेवत नाहीत. पावसाळ्यात दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून, काच आणि लाकूड जिथे मिळतात त्या रेघेवरून नख फिरवतात. नख अडकले तर थर सुटायला लागला असे समजून ती कमान वापरणे तिथेच थांबवतात.